सलग बारावी हार

एप्रिल अर्धा सरला तरी पोर्ट हॅडलीच्या हेरन्स बेसबॉल संघाला एकही सामना जिंकता आला नव्हता. अकरा खेळले, अकरा हरले. व्हर्नन स्टुप्काच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी संघाला शिव्या घाली, मग खिळे मागे. तिसऱ्या हारीपर्यंत लोक चिडत होते. सातव्यानंतर विनोद सुरू झाले. "हवामान खातं म्हणतं उद्या ऊन, आपली पोरं म्हणतात उद्या जिंकू. निदान ऊन कधीतरी पडतं," हा व्हर्ननचाच विनोद गावभर झाला होता. दहाव्यानंतर विनोदही आटले.

त्या रविवारी दुपारी तलावावरून बोचरा वारा सुटला होता. व्हर्नन आणि त्याची मुलगी ग्रेटा तिसऱ्या बेसमागच्या आपल्या नेहमीच्या खुर्च्यांवर येऊन बसले. ग्रेटा सहा वर्षांची होती तेव्हापासून तो तिला इथे आणायचा. आता ती सव्वीसची होती, इस्पितळात नर्स होती, आणि ड्युटी संपवून तशीच आली होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. काही जण डोक्यात कागदी पिशव्या घालून बसले होते, डोळ्यांपुरती भोकं पाडून. असल्या संघाचे प्रेक्षक म्हणून कुणी ओळखायला नको!

"आज चेंडू कोण टाकतंय?" शेजारच्या म्हाताऱ्या ओटिसने शेंगा सोलत विचारलं.

"प्रुइट," व्हर्नन म्हणाला. "पिचर म्हणून आलेलं बावीस वर्षांचं पोर. दोन सामने टाकले, दोन्हींत मार खाल्ला."

"मग आज तिसऱ्यांदा खाईल," ओटिस म्हणाला आणि टरफलं पायाशी टाकली.

झालंही तसंच. पहिल्याच डावात प्रुइटचा हात भरकटला. चार चेंडू बाहेर, म्हणून फलंदाज फुकटात, आरामात चालत पहिल्या बेसवर. पुढच्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. तिन्ही बेस भरले, आणि चौथ्याने चेंडू थेट कुंपणापलीकडे भिरकावला. एका फटक्यात चार धावा.

व्हर्नन शिवराळ माणूस नव्हता. त्याचा आवाज मोठा होता, पण तो आवाज पोरांना धीर देणारा म्हणून त्या भागात ओळखला जाई. आज मात्र त्याच्या आत काहीतरी तुटलं. सगळा हिवाळा त्याने या एप्रिलची वाट बघत काढला होता. तो उभा राहिला.

"अरे बाळा, घरी जा! आई वाट बघत असेल!"

आजूबाजूचे हसले. ग्रेटाही हसली. कितीतरी दिवसांनी इथे कुणी हसत होतं, आणि ते व्हर्ननला बरं वाटलं. प्रुइटचा पुढचा चेंडूही बाहेर गेला.

"आईला पत्र लिही! म्हणावं, ये आणि मला घेऊन जा!"

दोन रांगा खाली तपकिरी कोटातली एक बाई उठली आणि वळली. पन्नाशीची असावी. थंडीने नाक लाल झालं होतं.

"पत्र कशाला?" ती म्हणाली. "आई इथेच आहे."

हसणं जागच्या जागी थांबलं. बाई रांगेतून बाहेर पडली आणि पायऱ्या चढून वर गेली.

"बाबा," ग्रेटा म्हणाली आणि तिने पिशवी उचलली. "मी निघते."

"अगं, मला काय माहीत त्याची आई—"

"माहीत नसलं की चालतं का?"

ती गेली. व्हर्नन त्या बाईला शोधायला निघाला. हॉट डॉगच्या टपरीजवळ ती भिंतीला टेकून उभी होती. कॉफीचा कागदी पेला दोन्ही हातांत होता, पण पीत नव्हती.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणाला.

"तो वाईटच टाकतोय," ती म्हणाली. "मला दिसत नाही का? माझे वडील टाकायचे. खांदा लवकर उघडतोय त्याचा. मीसुद्धा ओरडणार होते, तेवढ्यात तुम्ही ओरडलात."

"कुठून आलात?"

"आर्कान्सामधून. काल दिवसभर गाडी चालवली." तिने पेल्यात बघितलं. "फोनवर म्हणाला, आज जमलं नाही तर मला खालच्या दर्जाच्या संघात धाडणार आहेत. म्हटलं, एकाला तरी बाद करताना बघावं."

तेवढ्यात आतून एकदम टाळ्या आणि शिट्ट्यांचा कल्लोळ उठला.

बाईने मान वर केली. "काय झालं? बाद केला का हो?"

व्हर्ननला त्या टाळ्या ओळखू आल्या. बाद केल्यावर लोक अशा वाजवत नाहीत. भरकटलेल्या पिचरचा एखादा चेंडू चुकून सरळ पडला की त्याची टर उडवायला वाजवतात. ग्रेटा आठ वर्षांची असताना त्यानेच तिला त्या शिकवल्या होत्या.

"हो," तो म्हणाला. "बाद केला."

बाईचा चेहरा उजळला. पेला टपरीच्या फळीवर ठेवून ती जवळजवळ धावतच पायऱ्यांकडे गेली. "थांबा," व्हर्नन म्हणाला, पण ते तिला ऐकू गेलं नाही. तो मागोमाग गेला.

तिन्ही बेस पुन्हा भरले होते. प्रशिक्षक मैदानाच्या मधोमध उभा होता आणि प्रुइट त्याच्या हातात चेंडू देत होता. पिशव्यावाले उभे राहून हात हलवत त्याला निरोप देत होते. पोरगा खाली मान घालून चालत गेला. तो बाकावर बसेपर्यंत आई वरच्या पायरीवर उभी राहिली. मग व्हर्ननच्या बाजूने निघून गेली, त्याच्याकडे न बघता.

सामना तेरा-दोन असा हरले. सलग बारावा.

प्रुइटला खालच्या संघात पाठवल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातल्या रेडिओवर सांगितलं. "बरं झालं, एक ब्याद गेली," गिऱ्हाईक म्हणालं. व्हर्ननने मान वळवली आणि ग्रेटाला फोन लावला.

"चिडलीस का गं?"

"नाही बाबा. दमलेय. तुम्ही पहिल्यांदा ओरडलात ना, तेव्हा मीपण हसले होते."

"पुढच्या रविवारी येशील?"

"ड्युटी आहे." मग ती म्हणाली, "तुम्ही जा. तुम्हाला करमणार नाही."

मंगळवारी दुपारी तो एकटाच गेला. नवा पिचर तिशीतला होता, तोही तिसऱ्या डावात फुटला. ओटिसने कोपर मारलं. "काय रे, आज घसा बसला का?" व्हर्ननने नऊच्या नऊ डाव बघितले, आणि तेराव्यांदा हरल्यावर लोक उठून गेले तरी बसून राहिला. उठून जायचं कुठे, हे त्याला कळेना. खाली झाडूवाल्या बायका टरफलं लोटत एकेक रांग वर येत होत्या. हंगाम सप्टेंबरअखेरपर्यंत होता.