दाराआडचा प्रश्न

गुरुवारची सकाळ होती. युडोरा प्रुइट पेरूची जेली बाटल्यांत भरत होती आणि घरकामाची इस्मे रोल चुलीपाशी न्याहारीची भांडी आवरत होती. दर गुरुवारी दहाच्या सुमारास नोटरी मिस्टर टटल घरी येत, युडोराच्या सह्या घेत आणि जाताना जेलीची एक बाटली नेत. सगळा कसा घरगुती मामला!

"आज तोंडाला कुलूप का गं लावलंयस?" युडोराने विचारलं.

इस्मेने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मिस युडोरा, जोशायाला मी कुठे नेऊ, एवढं सांगा."

जोशाया म्हणजे इस्मेचा नवरा. बहामा बेटांवरून आलेला कृष्णवर्णी गवंडी. सेरेनाटा या नव्या गावाची मोठी कमान त्याने बांधली, आणि पुढे त्याच गावासाठी दगड काढताना खाणीचा कडा अंगावर कोसळून तो गेला. चुनखडी गल्लीतल्या चर्चमागे त्याला पुरलं होतं.

"कुठे नेऊ म्हणजे?"

"साहेबांचा माणूस काल गल्लीत येऊन गेला. गल्ली विकली म्हणे. गोल्फचं मैदान होणार. महिनाअखेर घरं खाली करा म्हणाला. जित्या माणसांना नेईन हो मी कुठेही. मेलेल्याला कुठे नेऊ?"

युडोराने पळी खाली ठेवली. चार ओट्यांची, बुटक्या छपरांची ती गल्ली तिच्या नवऱ्याने, आल्डनने, स्वतः गवंड्यांना दाखवली होती. "इथे घरं बांधा, ही जागा तुमची," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. ती शेजारीच उभी होती. कागद कुणी मागितला नाही, कारण प्रुइटसाहेबांचा शब्द होता ना!

आल्डन प्रुइट स्वप्नं पाहणारा माणूस, यात शंका नाही. लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे बापाची मोसंबीची बाग आणि पेन्सिलींचा ढीग, एवढंच होतं. तो जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचा आणि युडोरा ताटं मांडीवर घेऊन जेवायची. "आधी झाडं, मग घरं," तो म्हणायचा. त्या वेड्यावर तिचा जीव जडला होता. फ्लोरिडाच्या त्या झुडपांच्या रानात त्याने खरोखरच कारंजी उभी केली, सावलीचे रस्ते आखले, एका रस्त्याला तिचं नाव दिलं. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण त्या गावातल्या प्रत्येक खरेदीखतात एक कलम होतं: गोऱ्यांशिवाय इथे कुणी राहायचं नाही, घरातले नोकर तेवढे सोडून. म्हणजे इस्मेने प्रुइटांचं तापलेलं पोर रात्रभर मांडीवर घ्यावं, पण स्वतःच्या पोराला घेऊन त्या कारंज्यापाशी घडीभर टेकू नये! कमान बांधणाऱ्याने दिवस मावळला की त्याच कमानीखालून बाहेर व्हावं! वा रे स्वप्न! आणि त्या प्रत्येक खतावर आल्डनच्या खाली युडोराची सही होती.

कारण कायदाच तसा होता. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचाही हक्क असे, तिच्या सहीवाचून खरेदीदार खताला हात लावत नसे. आणि ती सही घेण्याआधी नोटरीने नवऱ्याला खोलीबाहेर काढून, दार लावून बायकोला विचारायचं: सही राजीखुशीने करता ना? नवऱ्याचा धाक, जबरदस्ती, भीती काही नाही ना? घरोघरच्या बायका म्हणत, "छे हो!" कायद्याने बाईला बोलायला तेवढी एकच जागा ठेवली होती आणि तिचाही सगळ्यांनी मिळून पोरखेळ केला होता. आल्डन तर ओसरीवर जाता जाता हसून म्हणायचा, "टटल, चाबूक कपाटात ठेवलाय हं!" मग सगळे हसत. युडोराही हसायची.

आजही टटल आले. आजही तो चाबकाचा विनोद झाला. आल्डन ओसरीवर गेला आणि त्याच्या चिरुटाचा वास खिडकीतून आत येऊ लागला. टटलनी टाकाचं टोक दौतीत बुडवून तिच्यापुढे धरलं आणि कागदावरून नजर न उचलता भराभर प्रश्न म्हणून टाकला.

"ही चुनखडी गल्ली ना?" युडोराने विचारलं.

"हो, तीच. धाक, जबरदस्ती काही नाही ना?"

"आहे."

टटलनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"धाक आहे म्हणाले. भीतीही आहे. लिहून घ्या."

"अहो मिसेस प्रुइट, हा नुसता रिवाज आहे हो!"

"तुमच्यासाठी असेल. मला आज पहिल्यांदा कुणीतरी काही विचारतंय असं वाटलं."

खिडकीशी ऐकत असलेला आल्डन ताडताड आत आला. "डोकंबिकं फिरलंय का तुझं? मी कधी बोट तरी लावलंय तुला?"

"नाही. पण तू मला काही विचारलंही नाहीस कधी. तू त्यांना शब्द दिलास, आल्डन. मी शेजारी होते."

"शब्द! अगं, गोल्फ क्लबवाले आजच्या खतासाठी अडून बसलेत. हा सौदा फिसकटला तर गाव अर्धवट राहील. हे गाव माझं पोर आहे, डोरा!"

"मग पोराला वळण लाव! ज्यांनी बांधलं त्यांची थडगी उकरून त्यावर चेंडू खेळणार? लाज कशी वाटत नाही?" तिचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातली भांडी गप्प झाली. "मी सही करणार नाही. या खतावर नाही, आणि ते कलम असलेल्या कुठल्याच खतावर नाही. धाक दाखवायचा असेल तर टटलसमोरच दाखव, म्हणजे त्यांना लिहायला बरं पडेल."

 आल्डनने टेबलावरचा नकाशा मुठीत चुरगाळला आणि तो निघून गेला. टटल कागद गोळा करून त्याच्या मागे गेले. जेलीची बाटली टेबलावरच राहिली.

दुपारी युडोरा पायी चुनखडी गल्लीत गेली. इस्मे ओट्यावर वाटाणे सोलत होती. ती उठली नाही.

"सही केली नाही मी," युडोरा म्हणाली.

"ऐकलं मी." इस्मेने एक शेंग सोलली. "नोटरीने विचारल्यावर खरं बोललं की सही थांबते, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग इतके गुरुवार काय करत होतात?"

युडोराची नजर चर्चकडे गेली. चर्चमागे जोशायाच्या लाकडी क्रॉसवर कुणीतरी नुकताच पांढरा रंग दिला होता.

"पुढच्या गुरुवारी ते पुन्हा येतील," इस्मे म्हणाली. "साहेब गोड बोलतील, रडतील, दटावतील. तेव्हा?"

"तेव्हाही दाराआड मीच असेन, मिसेस रोल."

त्या गावात कुठल्याही गोऱ्या तोंडातून इस्मेला 'मिसेस' म्हटलं गेलं नव्हतं.  तिने शेंगांची टोपली थोडी बाजूला सरकवून ओट्यावर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "आणि सोलायला लागा."