एक ढाल, दोन धार

तिच्या बोटांना दात ओळखता यायचे. डोळे मिटून तळहातावर ठेवा, सुळा की दाढ, वरची की खालची, डावी की उजवी, चाचपून सांगायची. वीस वर्षं ती कवळ्या करत होती. दंतवैद्यांकडून साचे यायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या गुलाबी हिरडीत एकेक दात बसवायची, आणि कुणा अनोळखी माणसाचं हसू डबीत भरून पाठवून द्यायची. ते कुठल्या तोंडात जाऊन बसलं, कशावर हसलं, हे तिला कधी कळायचं नाही. कामावर सगळेच तिला ताई म्हणायचे. घरात ताई म्हणणारी एकच होती, आणि ती चार महिन्यांपूर्वी लग्न करून तीन तासांच्या वाटेवर राहायला गेली होती.

ती छोटी. पाठची बहीण, पण पाठ अकरा वर्षं लांब. आई गेली तेव्हा छोटी सहाची होती. तिच्या वेण्या ताईने घातल्या, प्रगतिपुस्तकावर सह्या ताईने केल्या, तिचे दुधाचे पडलेले दात ताईनेच काडेपेटीत जपून ठेवले. ती काडेपेटी अजून कपाटात होती. हलवली की खुळखुळायची.

चार वर्षांपूर्वी छोटीने घरात तो गेम आणला. हातात मावेल एवढा, दोन्ही बाजूंना बटणं. त्यात प्राणी पाळायचे, शिकवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. जोडीने खेळायचं असेल तर दोघांत मिळून चार प्राणी, समोरच्या जोडीचे चार. मैदानात एका वेळी एकच उभा. दर फेरीला दोन्ही बाजूंनी आपापला डाव गुपचूप निवडायचा, आणि ज्याचा प्राणी चपळ त्याचा वार आधी पडणार.

ताईच्या वाट्याला टोळ आला. काडीसारखे पाय, हातांच्या जागी दोन कोयते, आणि कातडी अशी पातळ की कुणी जोरात शिंकलं तरी आडवा व्हावा. पण त्याच्या अंगी एक गुण होता. मैदानात तो नुसता उभा राहिला तरी दर फेरीला त्याचा वेग आपोआप वाढायचा. चार विद्या त्याला येत होत्या. ढाल धरली की त्या फेरीपुरता कुणाचाच मार लागायचा नाही. धार लावली की कोयते दुप्पट तेज व्हायचे. हवाली म्हणजे जमवलेला सगळा वेग आणि सगळी धार मागच्या सोबत्याच्या हवाली करून आपण बाजूला व्हायचं. आणि चौथी विद्या, घाव.

छोटीचा होता डोंगऱ्या. नावाप्रमाणेच. एक ठोसा हाणला की समोरचा भुईसपाट, पण तो हात उचलेपर्यंत पोरांची लग्नं व्हावीत इतका मंद.

"हे बघ ताई," छोटी म्हणाली होती, "तू वेग जमव. मारायचं मी बघते."

मग दोघींनी त्याचं गाणंच करून टाकलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, बटणं दाबताना तेच:

*एक ढाल, दोन धार, तीनला हवाली,*
*ताई गेली मागे, छोटी पुढे आली.*

चार वर्षांत हे गाणं एकदाही चुकलं नाही. घाव घालायचं बटण इतकं कोरं राहिलं की बाकीच्या तीन बटणांवरची अक्षरं झिजली, त्याच्यावरची नव्यासारखी चकचकत होती.

यंदाची जोड्यांची स्पर्धा रविवारी होती, खेळाच्या दुकानामागच्या हॉलमध्ये. दोघींचं नाव छोटीनेच लग्नाआधी घातलं होतं. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला.

"ताई, सकाळपासून नाही गं जमणार. इथे घर लावायचं चाललंय, सासूबाई आल्यात. पण ऐक ना, माझे प्राणी तुझ्याच गेममध्ये आहेत. एकटीने खेळलं तर चालतं म्हणे. तू फायनलला पोच, मी दुपारच्या गाडीने येतेच. फायनल चारला असते. शेजारी बसून डोंगऱ्याला मीच उतरवीन."

"नक्की?"

"तू पोच तर!"

झालं. ताईला एवढं पुरे होतं. तीन सामने जिंकायचे होते, आणि तिसऱ्या सामन्याच्या पलीकडे शेजारच्या खुर्चीत छोटी होती.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचली. लांबलचक टेबलं, लोखंडी खुर्च्या, दुकानदाराच्या गळ्यात शिट्टी. या शिट्टीवर त्याचा फार जीव. सामना सुरू करायला शिट्टी, संपवायला शिट्टी, चहा आला तरी शिट्टी.

"जोडीदार?" त्याने यादीवर बोट ठेवून विचारलं.

"येणारे. चारपर्यंत."

"तोवर टिकलात तर भेटेल की तुम्हाला." तो हसला, आणि ताईही हसली. शेजारच्या खुर्चीवर तिने आपली पिशवी ठेवली. कुणी विचारलं की म्हणायची, "इथे बसलेत."

सकाळचे तिन्ही सामने त्या गाण्यावरच निघाले. पहिल्या फेरीला ढाल, समोरच्याचा वार फुकट. दुसऱ्या फेरीला धार. तोवर टोळ वाऱ्यासारखा झालेला, कुणाचा नेम बसायच्या आत पुढचं बटण दाबून व्हायचं. तिसऱ्याला हवाली. आणि मग तो थोरला डोंगऱ्या टोळाचा वेग अंगात घेऊन उतरायचा, आणि डोंगर पळताना कुणी पाहिलाय? समोरचे तोंडाचा आ करून बसायचे. प्रत्येक सामन्यानंतर ताई छोटीला निरोप धाडत होती. *एक झाला. दोन झाले.* आणि बारा वाजता: *पोचले.*

बारा वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर आलं.

*ताईईई! भारीच! अगं पण कपाटवाले आत्ता आलेत, सकाळी येणार होते. मी हलले तर सगळं उलटंसुलटं लावून जातील. सॉरी गं. डोंगऱ्याला माझ्याकडून एक पापी. रात्री फोन करते.*

ताईने ते दोनदा वाचलं. कपाटवाले. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. रुसायला तरी काही कारण हवं. कपाट दारात येऊन उभं राहिलं तर कुणी काय करावं! तिने उत्तर लिहिलं, *अगं राहू दे, कपाट नीट लावून घे,* आणि फोन पिशवीत टाकला. पिशवी खुर्चीवरच राहू दिली. का कोण जाणे, तिला ती उचलवेना.

फायनलला समोर एक म्हातारा-म्हातारी आली. तो बसचा निवृत्त कंडक्टर, सगळ्या हॉलमध्ये कंडक्टर म्हणूनच ओळखला जाणारा. तिच्या मांडीवर अर्धवट विणलेला मोजा. गेम त्याच्या हातात, पण डाव कुणाचा चालतो ते पाच मिनिटांत कळत होतं.

"चला चला, जागा करून घ्या," कंडक्टर टेबलाला पोट लावून बसत म्हणाला. "एकट्याच का मॅडम?"

"बहीण यायची होती."

"आमच्या मार्गावर पण असेच. जागा धरायची आणि यायचंच नाही."

"अहो, खेळा गुमान," बायको सुई न थांबवता म्हणाली. मग ताईकडे बघून, "लक्ष देऊ नका हो. चाळीस वर्षं तिकिटं फाडली, आता माणसं फाडतात."

शिट्टी झाली.

पहिल्या दोन प्राण्यांत दोन्हीकडचा एकेक गेला. मग ताईने टोळ उतरवला. एक, ढाल. दोन, धार. कंडक्टरने दुसऱ्याच फेरीला आपला प्राणी बदलला आणि गळ्याची थैली फुगवलेला एक बुटका बेडकासारखा प्राणी आणून उभा केला. ताईने त्याच्याकडे पाहिलं खरं, पण बोट गाण्यावर चाललं होतं. तीन, हवाली. टोळ मागे गेला, वेग आणि धार घेऊन डोंगऱ्या दमदार पावलं टाकत उतरला.

"आता," म्हातारी हळूच म्हणाली.

त्या बुटक्याने भोंगा वाजवला. मैदानात असेल त्याला हुसकून लावायचं, ही त्याची खास विद्या. डोंगऱ्या गरागरा फिरत मागे फेकला गेला आणि ताईने जमवलेलं सगळं तिथेच वाऱ्यावर गेलं.

"शेवटचा स्टॉप!" कंडक्टर ओरडला. "सगळे उतरा!"

"सकाळपासून बघतेय मी यांना," म्हातारी ताईला समजावल्यासारखं म्हणाली. "तिसऱ्याला देतातच. घड्याळ लावून घ्यावं."

भोंग्याने डोंगऱ्याला हुसकलं तेव्हा त्याच्या जागी ताईचा दुसरा प्राणी आपोआप ओढला गेला होता. जाता जाता त्याने समोरचा एक पाडला, पण बुटक्याने त्यालाही संपवलं. उरले ताईचे दोन, टोळ आणि डोंगऱ्या. त्यांचेही दोन, तो बुटका भोंग्या आणि एक गेंडा, ज्याच्या एका धडकेत टोळाचा भुगा झाला असता.

तिने टोळ पुन्हा उतरवला. मागे गेल्यामुळे त्याचा वेग परत शून्यावर आला होता. एक, ढाल. भोंग्याचा फटका ढालीवर वाया गेला. दोन, धार. भोंग्या गळा फुगवून नुसता बसून राहिला. त्याला टोळ नको होता, डोंगऱ्याच हवा होता. तो तिसऱ्या फेरीची वाट बघत होता.

पडद्यावर चार चौकोन आले. ढाल, धार, हवाली, घाव.

अंगठा हवालीवर जाऊन टेकला होता. दाबायचा तेवढा राहिला. ताईने शेजारी बघितलं. पिशवीचा एक बंद खुर्चीवरून खाली लोंबत होता. एरवी तिथे छोटी असायची, पुढे झुकलेली, ओठ चावत, "दे दे दे, ताई, दे" म्हणत. आणि ताई द्यायची. आता दिलं तर घ्यायला डोंगऱ्या होता, पण त्याला उतरवणारी दूर कुठेतरी कपाटाचं दार घट्ट बसतंय का बघत होती. दिलं तर भोंगा वाजणार. सगळ्या हॉलला ते ठाऊक होतं. तरी अंगठा हटेना. डाव निवडायच्या घड्याळात वीस सेकंद उरले, मग बारा.

"मॅडम, स्टॉप आला," कंडक्टर म्हणाला, पण या खेपेला जरा हलक्या आवाजात.

तिने अंगठा उचलला आणि चौथ्या बटणावर ठेवला. कोरं, अनोळखी लागलं ते.

टोळ निघाला तो दिसलाच नाही. दिसला तो भोंग्या, चितपट पडलेला, गळ्याची थैली मिटलेली. भोंगा वाजलाच नाही.

म्हातारीची सुई थांबली. "अगं बाई," ती म्हणाली, "याला मारता येतं!"

कंडक्टरने गेंडा उतरवला. टोळाचा वेग तोवर आणखी चढला होता. ताईने विचार केला नाही. घाव. गेंडा गुडघ्यावर आला, पण उरला. आणि त्याने धडकेसाठी मान खाली घातली. पुढच्या फेरीला ताईने ढाल धरली. आयुष्यभराची सवय कामाला आली. धडक ढालीवर बसली आणि टोळ तसाच उभा, आणखी एका फेरीचा वेग घेऊन. मग पुन्हा घाव.

शिट्टी झाली. लांबलचक.

माणूस जिंकला की आधी शेजारी बघतो. ताईनेही बघितलं. समोर कंडक्टर मान हलवत बसला होता आणि म्हातारी न बघताच त्याच्या गुडघ्यावर थोपटत होती, पोराला झोपवताना थोपटतात तसं. हरले होते ते, पण थोपटायला हात होता.

"हा घाव सकाळपासून कुठे लपवला होता?" कंडक्टरने विचारलं.

"लपवला नव्हता, काका. लक्षातच नव्हता."

बक्षीस म्हणून जोडीला दोन बिल्ले होते. शिट्टीवाल्याने दोन्ही तिच्या हातावर ठेवले. एक तिने ओढणीला लावला, एक पिशवीत टाकला, आणि तिला खुर्चीवरून पिशवी उचलता आली.

छोटीचा फोन जेवणाआधीच आला. मागून ठोकाठोकीचा आवाज येत होता.

"जिंकलीस? खरंच? मग डोंगऱ्याने किती लोळवले?"

"फायनलला एकही नाही. टोळाने लोळवले."

"टोळाला मारता येतं?"

"येतं म्हणे."

"अरेच्चा." छोटी हसली, मग हसणं मधेच थांबलं. "मग इतकी वर्षं मला का दिलंस गं सगळं?"

ताईला पुष्कळ काही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "तू मागायचीस छान." मग, "कपाट नीट बसलं का?"

"एक दार कुरकुरतंय."

"बिजागरीला मेण लाव. मेणबत्ती घास."

"लावते. ताई, माझा बिल्ला ठेव हं."

"ठेवलाय."

फोन ठेवल्यावर ताईने छोटीचा बिल्ला काडेपेटीत घातला. त्या इवल्या दातांत तो मावला कसाबसा. आता हलवली तरी काडेपेटी खुळखुळेना. मग ती गेम घेऊन खिडकीशी बसली. बाहेर अजून उजेड होता. टोळाचं पान उघडून तिने हवालीवर बोट ठेवलं. गेमने विचारलं, *ही विद्या विसरायची?* खाली हो आणि नाही.

या प्रश्नाला घड्याळ नव्हतं. ती कितीही वेळ बसू शकत होती. तिच्या कामात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते: पडलेल्या दाताची जागा फार दिवस मोकळी ठेवू नये, दोन्हीकडचे दात तिच्यात कलायला लागतात. तिला घरातली दुसरी खोली आठवली, छोटीची. चार महिने ती दार लोटून ठेवत होती, आणि सगळं घर त्या दाराकडे कललं होतं.

तिने हो दाबलं.

तिसरा चौकोन रिकामा झाला, आणि गेमने नव्याने शिकता येतील अशा विद्यांची यादी पुढे केली. लांबलचक यादी. आणि सगळ्यात वर, कुठेच न गेल्यासारखी, हवाली. पाहिजे तेव्हा परत शिकता येत होती.

ताईला हसू आलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी ती मोठ्याने हसली. *एक ढाल, दोन धार,* ती गुणगुणली, *तीनला...* आणि बोटाने यादी हळूहळू खाली सरकवत, एकेक नाव वाचत राहिली.