चाळीस दिवसांची कमान

गुणाबाईने ओंजळीतला ओल्या चुन्याचा गोळा बापूसाहेब वकिलांच्या सतरंजीवर ठेवला. पांढरा डाग हळूहळू पसरत गेला.

"बोट लावून बघा, वकीलसाहेब. ह्यो माझा चुना. ह्याला तुमी नाकिस लिवलंय."

बापूसाहेबांनी पाय आवरून घेतले. नव्या बँकेचे ते अध्यक्ष. पंचनामा याच ओसरीवर बसून उर्दूत लिहिला गेला होता आणि त्यात कमान पडल्याचं एकच कारण दिलं होतं: नाकिस चुना. म्हणजे खोट चुन्यात, आणि चुना मळणाऱ्या बाईत.

"कागद सरकारात गेला, बाई. आता त्यात फेरफार होत नसतो."

"चुना कच्चा नव्हता," गुणाबाई म्हणाली. "दिस कच्चे होते."

लातूरच्या गंजात, भर बाजारपेठेत, बँकेची ती इमारत वर्षभरापासून चढत होती. छातीइतकं उंच काळ्या दगडाचं जोतं, वर पक्क्या विटा, आत तिजोरीसाठी बिनखिडकीची खोली, आणि रस्त्याकडे तोंड करून तीन कमानी. मधली दहा हात रुंद. नकाशा हैदराबादेहून आला होता. पण कागदावरची ती कमान दगडात उतरवली गुणाबाईच्या नवऱ्याने, सटवाजी गवंड्याने. चुना मळायची गुणाबाई. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून बैल जुंपलेल्या चुन्याच्या घाण्यात तो तासन्‌तास फिरवायची, चिमूटभर उचलून अंगठ्यावर घासायची. तिने मान डोलावल्याशिवाय सटवाजी थापीला हात लावत नसे.

कमानीचा मधला, शेवटचा दगड बसला त्या दिवशी सटवाजीने कामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराला बजावलं होतं, "मलप्पाशेट, चाळीस दिस खालच्या टेकूंना कुनी शिवायचं न्हाई. तवर चुना धरत न्हाई."

पण उद्घाटनाला अव्वल तालुकदार, म्हणजे निजाम सरकारचे जिल्ह्याचे मोठे साहेब, येणार होते. बापूसाहेबांनी तारीख घेऊन टाकली होती आणि टेकूंच्या जंगलातून साहेबांना आत न्यायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सटवाजीने त्यांचे पाय धरले. "तारीख हलत नाही," एवढंच ते म्हणाले. अकराव्या दिवशी मलप्पाने माणसं लावली. तिसरा टेकू निघाला आणि दगड दगडावर करकरला. बाकीची माणसं बाहेर पळाली. सटवाजी मात्र पडलेला टेकू उचलून आत धावला. गुणाबाई घाण्यापाशी होती. आवाज ऐकला तेव्हाच ती काय ते समजली. दगड हलवून त्याला बाहेर काढायला दुपार झाली.

आता माणूस मेलेल्या जागी काम धरायला आसपासच्या गावांतला एकही गवंडी तयार नव्हता. मलप्पाने सटवाजीच्या धाकट्या भावाला, रखमाजीला विचारलं. रखमाजी म्हणाला, "वैनीला इचारा." म्हणून तर आज तिला या ओसरीवर बोलावणं आलं होतं.

"बांधते," गुणाबाई म्हणाली. "चुना माझाच, ह्याच घान्यातला. पर एक बोली हाय. टेकू काढा म्हननारा मानूस टेकू काढताना कमानीखाली उभा ऱ्हाईल."

बापूसाहेब हसले. डागाकडे बघत म्हणाले, "बरं बाई, राहीन उभा."

कमान पुन्हा चढली. गुणाबाई कुणाशी बोलत नसे. दिवसातून चार वेळा शिडी चढून ती दगडांवर पाणी ओतायची आणि उतरताना एकेका टेकूला हात लावून बघायची. चुना मळताना तिचे दात एकमेकांवर असे दाबलेले असत, की रखमाजी तिला भाकर खायला हाक मारायलाही बिचके.

मधला दगड बसल्यापासून सोळाव्या दिवशी भर बाजारच्या वेळी बापूसाहेब आले. बरोबर मलप्पा आणि चपराशी.

"शुक्रवारी तालुकदारसाहेब येत आहेत. उद्या टेकू निघाले पाहिजेत."

"उद्या कशाला?" गुणाबाईने पदर खोचला. "रखमाजी, हातोडा आन."

"वैनी, अजून..."

"आन म्हनते ना!"

तिचा आवाज गंजभर गेला. हमालांनी पाठीवरची पोती खाली टेकवली. अडतवाले दुकानांच्या पायऱ्यांवर आले. रखमाजीने आणलेला हातोडा घेऊन गुणाबाई पहिल्या टेकूपाशी उभी राहिली.

"या, वकीलसाहेब. खाली या."

बापूसाहेब दोन पावलं आत आले. त्यांनी वर पाहिलं. दगडांच्या सांध्यातून सकाळचं पाणी अजून झिरपत होतं. एक थेंब त्यांच्या शेरवानीच्या खांद्यावर पडला. ते चटकन मागे झाले.

"मलप्पा, तू जरा..."

मलप्पा आपल्या चपलांकडे बघत राहिला.

कुणी हसलं नाही. बापूसाहेबांनी रुमालाने मान पुसली.

"तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "साहेबांना पुढच्या महिन्यातली तारीख मागता येईल."

"देत्याल?"

"देतील की. न द्यायला काय झालं? एका चिठ्ठीचं तर काम."

"मंग लिवा. हितंच."

चपराशाने कागद आणि दौत आणली. बापूसाहेबांनी जोत्यावर कागद टेकवून लिहिलं. गुणाबाईला अक्षरं येत नव्हती. ती ओळी बघत होती.

"चारच?"

"पुरे तेवढ्या." त्यांनी घडी घालून चिठ्ठी चपराशाकडे दिली. तो लगेच निघाला.

गुणाबाईच्या हातातला हातोडा वर आला. रखमाजी ओरडला, "वैनी!" बापूसाहेब मलप्पाच्या पाठीशी सरले. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. चपराशी गर्दीत दिसेनासा झाला होता त्या दिशेला तिचे डोळे लागले होते. हातोडा तसाच हवेत होता.

"एक चिठ्ठी," ती म्हणाली. "तवा का न्हाई लिवली?"

मग तिने हातोडा जमिनीवर ठेवला, घागर कमरेवर घेतली आणि कमानीला पाणी घालायला शिडी चढू लागली.