मालनबाईंनी न लावलेली चांदणी

मी एक जुनी कागदी चांदणी आहे. मित्रांनो, आधीच कबूल करते, मी फार भित्री आहे. कागदाच्या जिवाला भ्यायला काय लागतं? वारा, पाऊस, उंदीर, पोरांचा चेंडू, सगळ्यांनाच मी भिते. पण गेल्या नाताळात मी जी भीती पाहिली, तिच्यापुढे उंदीर काहीच नाहीत.

वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हमाली करणाऱ्या देविदासने मला घडवलं. त्याची लेक सपना जन्मली, त्याच वर्षी. त्याने बांबूच्या कामट्या तासून पाच टोकं बांधली, मैद्याची खळ शिजवली आणि वर कागद ताणून बसवला. त्याच्या हळदभरल्या बोटांचे ठसे माझ्या एका कामटीवर अजून आहेत. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "देविदास, तुझ्या चांदणीपुढं बाजारातल्या चांदण्या फिक्या!" मी इतकी फुगले की कागद फाटायची वेळ आली.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. नाताळात मंडळी दिवेलागणीला गाणी गात घरोघर फिरतात आणि जिथे चांदणी लागलेली असेल तिथेच थांबतात. चांदणी अंधारात असली, तर त्या घरात कुणी गेलं असं समजून ढोलकी थांबवतात आणि गुपचूप पुढे जातात. आमच्या दारात सव्वीस वर्षं गाणं झालं. बाकीचे अकरा महिने मी पेटीत, गोधडीखाली. उंदरांनी माझी खळ चाखली की सपना वहीच्या कागदाची ठिगळं लावायची. तिचं स्वप्निलशी लग्न झालं आणि ठिगळं लावणारं कुणी उरलं नाही.

गेल्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी आली, सोबत तिची तीन वर्षांची लेक दिपा. सपनानेच मला दारावर टांगलं. चोवीस डिसेंबरच्या दुपारी तिला एकदम अंधारी आली. सातवा महिना, पाय सुजलेले, रक्तदाब भलताच वाढलेला. डॉक्टरांनी तिला लगोलग नांदेडला पाठवलं. देविदास आणि स्वप्निल रुग्णवाहिकेत बसून गेले. दिपाला सांभाळायला सपनाची आई, मालनबाई, मागे राहिल्या.

संध्याकाळी त्यांचा हात माझ्या पोटातल्या दिव्याच्या बटणापर्यंत आला आणि मागे फिरला. "देवा, माझं लेकरू सुखरूप हाय एवढं कळू दे, मगच चांदणी लावीन," त्या म्हणाल्या. देवाचीच अशी अडवणूक! पण मला हसू आलं नाही. देविदासचा फोन लागत नव्हता.

ढोलकी गल्लीत वाजत आली. आमच्या दारापाशी ती थांबली आणि नुसती पावलं पुढे गेली.

"आजी, आपल्याकडं काहून आले न्हाईत?" दिपाने विचारलं. मालनबाईंनी तिला कडेवर घेतलं.

थोड्याच वेळात समोरच्या नर्मदाबाई आल्या. त्या बुद्धविहारात जाणाऱ्या, पण आमच्या करंज्यांवर त्यांचा दरवर्षीचा हक्क. त्यांच्या हातात भाकरी-पिठल्याची झाकलेली टोपली होती. मित्रांनो, मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी अशी भाकरी आणतात. टोपली दिसली आणि मालनबाई मटकन खाली बसल्या.

"सपना गेली का? तुमाला काय कळलं, नर्मदाबाई?"

"अगं माय, मला कुठं काय कळलं! चांदणी अंधारात दिसली, मला वाटलं तुमालाच नांदेडहून कळलं!"

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. माझ्या अंधाराने साऱ्या गल्लीत जितीजागती सपना मारून टाकली होती. मला माझीच भीती वाटली.

मालनबाईंनी पदराने डोळे पुसले. "चुकलंच माझं. येशूच्या आईचं, मरियेचं तरी कुठं सगळं बराबर चाललं व्हतं? परकं गाव, गोठ्यात बाळंतपण, राजा बाळाच्या जिवावर उठलेला. देवानं तवाच आभाळात चांदणी लावली. सगळं बरं व्हायची वाट न्हाई पाहिली त्यानं." त्या उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

माझा उजेड पाहून मंडळी अर्ध्या वाटेतून परत आली. पाळकसाहेबांनी आधी सपनासाठी प्रार्थना केली, मग गाणं झालं. मालनबाईंचे हात आता नर्मदाबाईंच्या हातांत होते. दिपा माझ्या उजेडात भाकरी खात होती. फोन तेव्हाही आला नव्हता.

तो सकाळी आला. मुलगी झाली होती, जेमतेम दीड किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली. सपनाही अजून धोक्याबाहेर नव्हती. नाताळ सरला, गल्लीतल्या चांदण्या उतरल्या, पण मालनबाईंनी मला उतरवलं नाही. रोज संध्याकाळी त्या आधी मला लावायच्या आणि मग नांदेडला फोन करायच्या. फोन लागेपर्यंत त्या माझ्याखालून हलायच्या नाहीत.

जानेवारी संपता संपता सपना बाळाला घेऊन घरी आली. उन्हाने माझा कागद पार विटला होता. पेटीत ठेवण्याआधी तिने मला नवं ठिगळ लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कागदाच्या चांदणीला जपा, उंदरांपासून तर नक्कीच. आणि ज्या संध्याकाळी घरात भीती असेल, त्या संध्याकाळी दिवा लावायला विसरू नका. देव अंधाऱ्या दारातही थांबतो, पण त्याने पाठवलेली माणसं पुढे निघून जातात.