पाऱ्याच्या नळीवरची पट्टी

अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलखात, डोंगरमाथ्यावरच्या सांता ओलायाच्या विद्यापीठात डझनभर डॉक्टर होते, आणि त्यांतल्या एकाचंही डोकं कधी दुखल्याचं ऐकिवात नव्हतं. जी वस्तू कधी वापरलीच नाही ती दुखणार कशी, असं फाउस्तिनो म्हणायचा. आणि हे तो हळू आवाजात म्हणायचा नाही, म्हणून तर त्याचं घोडं अडलं होतं.

डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत; धर्मशास्त्र, कायदा असल्या विषयांचे गोंडेदार टोपीवाले पंडित. ती टोपी आणि बोटातली सोन्याची अंगठी मिळवायची तर साऱ्या विद्यापीठाला जेवण घालावं लागे आणि वर चौकात बैलांचा खेळ करावा लागे. फाउस्तिनो आल्बार्रासिनने तो खटाटोप केला नव्हता. हौस नाही, असं तो सांगे. ऐपत नाही, असं बाकीचे सांगत. तरीही भौतिकशास्त्र तोच शिकवायचा, हंगामी म्हणून, आणि हा हंगाम वर्षानुवर्षं संपता संपत नव्हता.

पोरांचा मात्र त्याच्यावर जीव. इतर वर्गांत डॉक्टर पुस्तक उघडून लॅटिन वाचत, पोरं ते उतरवून घेत, आणि घंटा झाली की दोघंही सुटत. फाउस्तिनो वर्गात शिरला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "पुस्तकं बाकाखाली. काय लिहिलंय ते नको, काय दिसतं ते सांगा." मग दोरी, शिशाच्या गोळ्या आणि पाण्याची बादली एवढ्यावर तो तासभर पोरांना नाचवायचा. एकदा डोक्याभोवती फिरवलेली भरली बादली सुटून कायद्याच्या डॉक्टरांच्या खिडकीत गेली होती. ते वाचत होते तिथेच थांबले आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे वाचू लागले.

शेवटी लंडनहून खरी उपकरणं आली. समुद्रावरून आरिका बंदराला आणि तिथून खेचरांच्या पाठीवर डोंगर चढून. हवा उपसायचा पंप, ठिणग्या काढणारी काचेची चकती, आणि हवेचा भार दाखवणारी पाऱ्याची नळी. नवे गव्हर्नर येऊन ही उपकरणं पाहणार होते आणि त्याच दिवशी भौतिकशास्त्राची गादी कायमची कुणाला ते ठरणार होतं. विद्यापीठाचे प्रमुख, रेक्टर हेर्मेनेगिल्दो, यांनी फाउस्तिनोला शब्द दिला होता, की प्रयोग नीट झाले तर गादी तुझी. नाही झाले तर रेक्टरांचा भाचा सेसिलियो होताच. सेसिलियोला पंप कुठून धरायचा तेही कळत नव्हतं, पण त्याच्या बोटात अंगठी होती.

नळी भरायची होती त्या दिवशी डॉक्टर मंडळी गरम चॉकलेट पिऊन झुंडीने आली. फाउस्तिनोने नळीत काठोकाठ पारा भरला, तोंडावर बोट दाबून ती वाडग्यातल्या पाऱ्यात उलटी उभी केली आणि बोट काढलं. पारा सरकन खाली आला आणि वीस इंचांवर थांबला. नळीमागच्या फळीवर दोन स्क्रूंनी एक पितळी पट्टी बसवलेली होती. तिच्यावर सव्वीसपासून एकतीसपर्यंत आकडे. पट्टी वरच राहिली, आणि पारा बराच खाली, कोऱ्या लाकडासमोर.

"पुस्तकात अठ्ठावीस आहे," धर्मशास्त्राचे डॉक्टर तोरिबियो म्हणाले. पुस्तक त्यांनी काखेत आणलंच होतं.

"पुस्तक पॅरिसला लिहिलंय, डॉक्टरसाहेब," फाउस्तिनो म्हणाला.

"मग? पॅरिसचा पारा वेगळा असतो का?"

"पारा तोच. आपण डोंगराच्या माथ्यावर बसलोय, त्यामुळे आपल्या वर हवा कमी. हवा कमी म्हणून तिचा दाब कमी, म्हणून पारा कमी चढतो. नळी बरोबर सांगतेय."

"नळी फुटकी असेल."

"फुटकी असती तर पारा एव्हाना तुमच्या पायावर असता."

मागून कुणीतरी शहाणा म्हणाला, पाराच कमी पडला असेल, आणखी ओता. पाऱ्याला इथे तोटा नव्हता, चांदीच्या खाणींसाठी तो येतच असे. एक बुधली मागवली. फाउस्तिनोने हात बांधून घेतले आणि त्यांना ओतू दिलं. वाडगं जसजसं भरत गेलं तसतसा नळीतला पाराही तेवढाच वर सरकला. दोहोंतलं अंतर वीसचं वीसच. शेवटी वाडगं उतू गेलं आणि पारा खरोखरच तोरिबियोंच्या पायावर आला. ते खाली वाकून त्याच्या गोळ्या बोटांनी वेचू लागले. वर उठले तेव्हा त्यांची डॉक्टरकीची अंगठी पांढरीफटक पडलेली होती. सोन्याला पारा लागला की असं होतं, हे खाणीवरचं शेंबडं पोरही सांगेल. धर्मशास्त्रात ते नाही.

फाउस्तिनो हसला. सगळ्यांदेखत, पोट धरून.

दुसऱ्या दिवशी रेक्टरांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. ते चॉकलेटमध्ये पाव बुडवत बसले होते.

"बस. तोरिबियोंची अंगठी सोनाराकडे गेलीय."

"तापवली की पांढरेपणा जाईल. तोरिबियोंना तापवून मात्र काही उपयोग नाही."

रेक्टर हसले नाहीत. "तुझं म्हणणं मला कळलंय, फाउस्तिनो. हवा इथे कमी आहे, कबूल."

हे फाउस्तिनोला अनपेक्षित होतं. मूर्ख माणसाशी कसं बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. कळूनसवरून बोलणाऱ्याशी बोलायची त्याला सवय नव्हती.

"मग अडलंय कुठे?"

"तिकडे युरोपात पुस्तकं छापतात, की अमेरिकेत सगळंच कमी. इथले सिंह लहान, इथली कुत्री भुंकत नाहीत, इथली माणसं चाळिशीतच म्हातारी होतात. आणि आता स्पेनहून आलेल्या गव्हर्नरला मी माझ्याच विद्यापीठात बोलावून दाखवू, की हुजूर, आमची हवासुद्धा आठ इंच कमी?"

"पण ते खरं आहे."

"असेल. ते आपणच कशाला ओरडून सांगायचं?" रेक्टरांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला. "पट्टी दोन स्क्रूंवर तर आहे. खाली घे. अठ्ठावीस पाऱ्यासमोर आण. कुणाच्या बापाचं काय जातं?"

"आणि नाही आणली तर?"

"तर सेसिलियो आणेल. स्क्रू फिरवायला अंगठी काही आड येत नाही."

फाउस्तिनो तणतणत बाहेर पडला आणि जेवणवेळेपर्यंत तणतणत राहिला. मग त्याने विचार केला. सत्य जपायचं ते कुणासाठी? अंगठी पांढरी करून घेणाऱ्या तोरिबियोसाठी? गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. आधी गादी पदरात पडू दे, मग पट्टी परत जागेवर नेऊ आणि या सगळ्यांना उघडं पाडू. तुच्छतेची ही एक मोठी सोय असते. भोवतालचे सगळे गाढव ठरवून टाकले, की त्यांच्यासमोर केलेलं काही केल्यासारखं वाटतच नाही.

त्याच दुपारी त्याने स्क्रू काढले आणि पट्टी खाली बसवली. काम सुबक झालं; त्याचे हात मुळातच चांगले. वरच्या जागी दोन भोकं राहिली. मेणाने बुजवावीत असं मनात आलं होतं, पण या आंधळ्यांसाठी मेण कशाला वाया घालवायचं, म्हणून त्याने ती तशीच ठेवली.

गव्हर्नर गास्पार एचानिके आले ते कपाळाला रुमाल बांधूनच. किनाऱ्यावरून वर चढल्यापासून त्यांना सोरोचे, म्हणजे डोंगरावर आलेल्या परक्यांना होणारा त्रास, लागला होता. डोकं ठणकत होतं आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती. खाणीतल्या धुरामुळे होतं असं, असं डॉक्टरांनी एकमताने सांगितलं. प्रयोग झकास झाले. पंपाखाली सुरकुतलेला फुगा टरारून फुगला. काचेच्या चकतीवरची ठिणगी गव्हर्नरीणबाईंच्या बोटावरून रेक्टरांच्या नाकावर बसली आणि सभागृह हसून लोटपोट झालं. मग रेक्टर नाक चोळत नळीपाशी गेले.

"पाहावं हुजूर. पुस्तकात अठ्ठावीस, सांता ओलायातही अठ्ठावीस. आमची हवा स्पेनपेक्षा तसूभरही कमी नाही."

गव्हर्नरांनी पाऱ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर वर गेली. त्यांनी त्या भोकांवर बोट ठेवलं.

"नव्या यंत्राला भोकं?"

"कीड, हुजूर," रेक्टर म्हणाले. "समुद्रावरून येताना लाकडाला लागते."

"दोनच. एका रेषेत. आत आटेसुद्धा पाडलेत." गव्हर्नर फाउस्तिनोकडे वळले. "मोठी शिस्तीची कीड आहे. तुम्ही शिकवता ना हे, मास्तर? तुम्ही सांगा. कसली भोकं ही?"

पहिल्या रांगेत सेसिलियो अंगठी फिरवत बसला होता. शेवटच्या रांगेत फाउस्तिनोची पोरं माना उंच करून पाहत होती. एक वाक्य पुरलं असतं. तोरिबियोंना त्याने ते असं फाडकन सांगितलं होतं, पण तोरिबियोंच्या हातात काही नव्हतं आणि आज गादी टेबलावर होती.

"कीडच आहे, हुजूर," फाउस्तिनो म्हणाला.

गव्हर्नरांनी भोकांवरचं बोट काढून घेतलं. मग रेक्टरांना म्हणाले, "गादी यांनाच द्या. शोभतील." टाळ्या पडल्या. तोरिबियोंनीही वाजवल्या.

बाहेर पडताना दारात गव्हर्नर त्याच्याजवळ थांबले आणि हळू आवाजात बोलले.

"माझी सगळी नोकरी आरमारात गेली. असली एक नळी माझ्याही सामानात आहे. आरिकापासून दर मुक्कामाला उभी करून पाहत आलो. इथे पारा विसावर आहे."

फाउस्तिनोची नजर फळीवरच्या दोन भोकांकडे गेली.

"वाटलं होतं, इथे निदान एक माणूस भेटेल. विचारावं त्याला, की माझ्या या डोक्याचा आणि त्या विसाचा काही संबंध आहे का. असो. गादी लखलाभ होवो."

पट्टी वर न्यायची राहिलीच. गव्हर्नरांनी सर्वांसमक्ष अठ्ठावीस पाहिलेत, आता वीस कसे होतील, असं रेक्टर म्हणाले, आणि या वेळी फाउस्तिनोने वादही घातला नाही.

सोमवारी तो नवा झगा घालून वर्गात शिरला. तोंडून सवयीचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "पुस्तकं बाकाखाली. काय लिहिलंय ते नको, काय दिसतं ते सांगा." आणि त्याने नळीकडे बोट केलं.

एरवी या प्रश्नावर पोरं एकमेकांच्या अंगावर पडून बोलायची. आज कुणी तोंड उघडेना. अखेर लेआंद्रो उठला. याच्यासारखं डोकं साऱ्या डॉक्टरांत नाही, असं फाउस्तिनो ज्याच्याबद्दल सांगत फिरायचा तो हाच.

"दोन भोकं दिसतात, मास्तर."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याने त्यांना झापलं असतं आणि बरं वाटलं असतं. तो खुर्चीवर बसला आणि टेबलावरचं जाडजूड पुस्तक त्याने पुढे ओढलं.

"वह्या काढा," तो म्हणाला. "मी वाचतो, तुम्ही उतरवून घ्या."