भावाच्या वाट्याचं कोनफळ

ओबेद त्या दिवशी उठला तो थकूनच उठला. झोप झाली होती, पण अंगी लागली नव्हती. एकोणतीस वर्षं तो प्रशांत महासागरातल्या अंब्रिम बेटाच्या ज्वालामुखीवर पाहुण्यांना नेत होता. आधी दाट रान, मग जंगली उसाची गच्च बेटं, मग काळ्या राखेचं अफाट मैदान आणि शेवटी डोंगराचं तोंड. त्या तोंडातली आग काही वर्षांपूर्वी खोल उतरून गेली होती, वर नुसती वाफ उरली होती. तरी लोक यायचे, काठावर उभे राहायचे आणि हिरमुसून विचारायचे, आग कुठे गेली? जणू ओबेदने ती उचलून घरी नेली होती. पूर्वी तो या प्रश्नावर हसायचा. हल्ली "खाली आहे" एवढंच म्हणायचा.

आजचे पाहुणे दोन होते, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टचं एक उतारवयाचं जोडपं. कॉलिन जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेला; दर दहा मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळात किती उंची झाली ते बघायचा आणि बायकोला सांगायचा. बायको हेदर ऐकून घ्यायची आणि झाडांकडे बघत चालायची. सामान वाहायला ओबेदचा चुलतभाऊ मासिंग होता. चाळिशीचा गडी, खांद्यावर तंबू आणि तोंडात सतत काहीतरी. कॉलिनच्या पिशवीला इतके कप्पे आहेत की हा एखाद्या दिवशी बायकोला त्यातल्या एकात ठेवेल आणि विसरून जाईल, असं त्याने आपल्या भाषेत सांगितलं. ओबेद हसला नाही. मासिंगने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"ओबेददादा, आजही मुक्यानेच चढायचं?"

ओबेदने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि तो चालत राहिला.

गावच्या चर्चमध्ये ओबेद वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसणारा. पहिल्या चढाला देवाचं गीत म्हणायचं ही त्याची एकोणतीस वर्षांची रीत. पाऊल आणि ताल एक झाले की ओझं निम्मं होतं, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि ते खरंही होतं. पण त्या गाण्यांची खरी धनीण त्याची थोरली बहीण, लेसोंगी अक्का. रविवारी ती पहिला सूर लावायची. छपरावर राख पडत असली तरी तिचा आवाज त्यातून स्वच्छ वर यायचा, आणि सारी मंडळी त्या आवाजाचं बोट धरून मागोमाग जायची. अक्का गेल्याला चाळीस दिवस झाले होते. तेव्हापासून ओबेद चर्चमध्ये ओठ हलवायचा, आवाज मात्र फुटायचा नाही. तो रडलाही नव्हता. त्याला वेळ झाला नव्हता, असं तो स्वतःला सांगायचा.

वडाच्या मोठ्या झाडापाशी वाट वळते. पुढे होता तो मासिंग. तो थांबला आणि त्याने तंबू खाली ठेवला.

वाटेच्या मधोमध ओला बांबू रोवलेला होता आणि त्याला नामेलेची दोन पानं आडवीतिडवी बांधलेली होती, खजुरीच्या झावळीसारखी, टवटवीत, आजच तोडलेली. बेटावर या पानाला कुलूपकिल्लीची गरज लागत नाही. ते दिसलं की पाळक थांबतो, पोलीस थांबतो, पोरं थांबतात. ज्याने बांधलं त्याच्याच हाताने ते सुटतं. वडाच्या पलीकडची जमीन तालेपूची होती. तालेपू म्हणजे लेसोंगी अक्काचा नवरा, ओबेदचे दाजी.

कॉलिनला सांगितलं की वाट बंद आहे. त्याने बांबूभोवती नजर फिरवली, दोन्ही बाजूंना मोकळं रान पाहिलं आणि म्हणाला की इथे भिंत नाही, फाटक नाही, पाय उचलला की झालं. ओबेदने शांतपणे त्याला सांगितलं की पाय उचलता येतो, पण मग तो खाली कुठे ठेवायचा? कॉलिनला हे कळलं नाही. हेदरला कळलं असावं. तिने पाठीवरची पिशवी उतरवली.

मासिंग ओबेदला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की खाली कोरड्या ओढ्यातून वळसा आहे. ती वाट दुसऱ्या घराण्याची. चार तास जास्त लागतील, पण अंधार पडायच्या आत राखेच्या मैदानात पोचू. कुणी बोट दाखवणार नाही.

ते खरं होतं. ओबेद गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. चार तासांच्या विचारानेच त्याच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. पण दुखणं तेवढंच नव्हतं. हे पान कुणासाठी बांधलंय ते त्याला बघताक्षणीच समजलं होतं.

झालं होतं असं. माणूस गेलं की दहाव्या दिवशी घरात कोनफळ भाजतात आणि पहिला तुकडा बाईच्या माहेरच्या माणसाला देतात. भावाने तो खाल्ला की बाई सासरची म्हणून सुखाने मातीत निजली. न खाल्ला तर ती दोन घरांच्या मध्ये उभी. अक्काला पुरलं आणि त्याच आठवड्यात आधीच ठरलेले आठ फ्रेंच पाहुणे आले. ओबेदने बोटांवर हिशेब केला. पुरल्याच्या दिवसापासून मोजला, चर्चच्या वहीत तीच तारीख लिहिली होती. नवव्या दिवशी खाली येतो, दहाव्याला दाजींच्या अंगणात बसतो. तो खाली आला, दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि निघाला, तर वाटेतच एका बाईने सांगितलं की कोनफळ कालच झालं. तालेपूच्या घरात दिवस मोजले होते ते अक्काचा श्वास थांबला त्या रात्रीपासून. मोठ्या मुलाची बोट यायची होती म्हणून एक दिवस तिला घरातच ठेवलं होतं. तो एक दिवस ओबेदच्या बोटांतून निसटला.

तो वाटेतूनच परत फिरला होता. उद्या जाईन, म्हणत होता. मग उद्याला पाहुणे आले, परवाला आले, आणि लाज दर दिवशी थोडी थोडी वाढत अंगाएवढी झाली.

आता वळसा घातला तर पाहुणे डोंगर बघतील, त्यांना पाठवणारी राजधानी विलामधली कंपनी खूश राहील. पण त्यानंतर दाजींच्या दारात भाऊ म्हणून त्याला कधीच उभं राहता येणार नव्हतं. आणि दारात गेला तर आजची चढाई गेली. कंपनी पुढचे पाहुणे उत्तरेकडच्या वाटाड्यांना देईल. एकदा दिले की परत देत नाही, हे त्याने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

"बिऱ्हाड उचल," तो मासिंगला म्हणाला. "दाजींकडे जाऊ."

"रिकाम्या हाताने? चटई नाही, मानाने पुढे ठेवायला कावाचं मूळ नाही." मासिंगने पिशवीत हात घातला. "मासळीचा डबा आहे. टोमॅटोतली."

ओबेदने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. डबा पिशवीत परत गेला.

तालेपू घरामागच्या मळ्यात होता. सत्तरीला टेकलेला, काटकुळा, डोक्याला फडकं. उसाचं रान जाळून काळी माती मोकळी केली होती आणि कोनफळं लावायला रांगेने काठ्या रोवल्या होत्या. एकीकडचा सहा ओळींचा तुकडा मात्र तसाच पडून होता, वर गवतही उगवायला लागलं होतं. तो तुकडा अक्काचा. दाजींनी आलेल्या चौघांकडे पाहिलं, खणायची काठी मातीत रोवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"या, गाइडसाहेब. वाट चुकलात वाटतं."

ओबेद मळ्याच्या कडेला खाली बसला. पाहुण्यांसमोर, राखेत, मांडी घालून. 

"दाजी, मी दिवस चुकलो. मी पुरल्यापासून मोजले."

"ती पुरल्यावर नाही गेली, ओबेद."

"मला माहीत आहे."

तालेपूने काठी मातीत आणखी खोल दाबली. मग त्याने सांगितलं, ओबेदला नव्हे, काठीला सांगावं तसं, की कोनफळाचा तो पहिला तुकडा केळीच्या पानावर ठेवून तो दारात बसला होता. मुलं म्हणाली जेवून घ्या, तो जेवला नाही. सूर्य डोंगराआड गेला, कोंबड्या झाडावर चढल्या. पाळक आला आणि म्हणाला, देव काही कोनफळ मोजत नाही. तालेपूने त्याला सांगितलं, देव नसेल मोजत, ती मोजते. मग शेवटी तो तुकडा डुकराला घातला.

हेदरने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. तो काहीतरी विचारणार होता.

"मग वाट आज का बांधलीत?" ओबेदने विचारलं. "चाळीस दिवस मोकळी होती."

"कारण लावणीचे दिवस चाललेत आणि तिचा तुकडा तसाच पडलाय. पहिला खड्डा भावाने काढायचा असतो. मी काढला तर तिचं कोनफळ सडेल, हे तुला मी सांगायचं?" तालेपूचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तू माझ्या दारात येत नव्हतास. डोंगराकडे तर येणारच होतास."

ओबेदने पडून राहिलेल्या त्या सहा ओळींकडे पाहिलं. 

पान केव्हा सुटेल, हे ओबेदने विचारलं. लावलेलं निघेल तेव्हा, तालेपू म्हणाला. म्हणजे सात-आठ महिने. ओबेदने मान हलवली. उठून तो पाहुण्यांकडे गेला आणि त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं की या बाजूने डोंगर यंदा बंद आहे, चूक त्याची स्वतःची आहे. मासिंग त्यांना उद्या पहाटे उत्तरेकडच्या गावात नेईल, तिथले वाटाडे चांगले आहेत, त्याच्यापेक्षा तरुण आहेत. कॉलिन चिडला. आपण दोन विमानं बदलून आलोय, कंपनीला लिहिणार, असं म्हणाला. लिहा, ओबेद म्हणाला. खरं तेच लिहाल. कॉलिनने घड्याळ पाहिलं. ते दोनशे दहा मीटर दाखवत होतं, आणि ते ऐकवायला बायको जवळ नव्हती. ती फणसाच्या झाडाखाली बूट काढून बसली होती आणि तळव्यावरचा फोड बघत होती.

तालेपूने खणायची काठी पुढे केली.

ओबेदने पहिला खड्डा काढला. ज्वालामुखीची माती हलकी असते, पण वरचं गवत चिवट होतं. कोनफळाला कमरेएवढा खोल खड्डा लागतो, नाहीतर ते खाली उतरत नाही. दुसऱ्या खड्ड्याला त्याचा सदरा भिजला. तिसऱ्याला मासिंग मदतीला आला तर तालेपूने त्याला खुणेने परत बसवलं. चौथ्या खड्ड्याच्या तळाशी काठी मारताना ओबेदच्या छातीतून एक आवाज निघाला. आधी वाटलं दम लागलाय. मग तो आवाज थांबेना. तो खड्ड्यात गुडघे टेकून, मातीला कपाळ लावून रडत राहिला, मोठ्याने, आडपडदा न ठेवता, जसं त्या बेटावर भावाने बहिणीसाठी रडायचं असतं. आत घरातल्या बायकांनी तो आवाज ओळखला आणि त्यात आपला मिसळला. मासिंगने डोक्यावरची टोपी काढली.

किती वेळ गेला कुणी मोजलं नाही. आवाज उतरत उतरत श्वासाएवढा झाला. तालेपू खड्ड्याच्या काठावर जाऊन वाकला. ओबेद उकरलेल्या मऊ मातीत कुशीवर पडला होता, एक हात गालाखाली, तोंड किंचित उघडं. झोपला होता.

तालेपू घरात गेला, अक्काने विणलेली केवड्याच्या पात्यांची चटई घेऊन आला आणि उन्हाच्या बाजूने ती खड्ड्यावर आडवी टाकली. हेदरने हळूच विचारलं, यांना बरं नाही का, उठवायला नको का?

"माझा मेहुणा आहे तो," तालेपू म्हणाला. "एकोणतीस वर्षं तुम्हा लोकांच्या पुढे चालतोय. निजू दे त्याला."

मग तो मासिंगकडे वळला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बघत काय बसलास? कोनफळ भाजायला दगड तापव. आणि पिशवीत एखादा मासळीचा डबा असेल तर काढ, पाहुणे उपाशी आहेत. भावाला मात्र कोनफळ, दुसरं काही नाही."