डावीकडचा ब्रेक

अहो, तिकडं नाही, इकडं! स्टिअरिंगच्या बाजूला काय शोधताय? डावीकडच्या सीटसमोर, पायपोसाजवळ जो काळा पत्रा दिसतोय ना, तो मी बोलतोय. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतला दुसरा ब्रेक. तुमच्या गाडीत मी नसतो, म्हणून आपली ओळख नाही.

माझा जन्म रायपूरच्या गुढियारीतल्या एका वर्कशॉपमधला. तिथं मला कापलं, वाकवलं, वर रबर चढवलं आणि एका तारेनं खऱ्या ब्रेकला जोडून दिलं. मिस्त्री म्हणाला, "दबा के देखो भैया." भैयांनी दाबलं आणि चालती गाडी जागच्या जागी थांबली! मी तर थक्कच झालो. एवढं मोठं लोखंडाचं धूड, आणि माझ्यासारख्या तळहाताएवढ्या पत्र्याचं ऐकतं? ते नवल आजही ओसरलेलं नाही.

हे भैया म्हणजे माझे मालक, नरहरी भैया. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण सगळी हयात रायपुरात गेलेली. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात, आणि होकार द्यायचा तर छत्तीसगढी 'हव'. चहा घेणार? हव. जेवले? हव.

माणसांच्या पायांची मला मोठी गंमत वाटते. समोर काही आडवं आलं की बाजूला बसलेला माणूस पाय खाली दाबतो. तिथं ब्रेक नसला तरी दाबतो! जगण्याची केवढी ही ओढ, मी बघतच राहतो.

मग चौबे कॉलोनीतल्या मंजिरीताई शिकायला आल्या. लग्न होऊन अकोल्याहून इकडं आलेल्या. नवरा सुधाकर रेल्वेच्या ऑफिसात, आणि त्याची नजर हळूहळू जाऊ लागलेली. घरची गाडी कव्हरखाली धूळ खात होती.

"पोट्टा म्हनते, मम्मी, आप रहने दो, कैब कर लेंगे," ताई म्हणाल्या. "पण भैया, ह्यांनी मले सारा मुलूख दाखवला त्या गाडीतून. आता मले ह्यांना न्यायचं हाय."

"हव," भैया म्हणाले.

ताईंचा हात लवकर बसला, पण एक खोड लागली. वळण आलं की मान न फिरवता विचारायचं, "जाऊ का?" भैयांनी 'हव' म्हटलं की निघाल्या. रस्ता बघायचे भैया, गाडी चालवायच्या ताई. खाली मी होतोच, त्यामुळे कुणाला काही वाटेना.

मग तो पंडरीचा दिवस उजाडला. तिथल्या कापडबाजारातून मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. ताईंनी एका दमात विचारलं, "जाऊ का भैया? कोनी येऊन राह्यलं का?"

"हव."

येऊन राह्यलं होतं हो! भैयांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ताईंनी ते पहिल्याचं धरलं. गाडी उसळून रस्त्यावर आली. उजवीकडून एक स्कूटी, पुढं कापडाचा गठ्ठा, मागं आईला बिलगलेली गणवेशातली पोट्टी. भैयांचा पाय माझ्यावर आदळला. तार ताणली, चाकं किंचाळली, आणि स्कूटी आमच्या नाकासमोरून निघून गेली. त्या पोट्टीनं वळून आम्हाला जीभ काढून दाखवली. तिला काही कळलंच नव्हतं!

अरे देवा! एक पाय, एक तार, आणि तेवढ्यावर एक अख्खं लेकरू घरी जेवायला चाललं होतं.

मागून हॉर्नचा गलका उठला. गाडी कडेला घेतल्यावर ताई रडायलाच लागल्या. "तुम्हीच तं हव म्हनलं!"

भैयांनी हात लांबवून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "म्हनलं. पण ताई, घरच्या गाडीत इथं साहेब बसतील. त्यांना विचाराल का, जाऊ का म्हनून? त्यांना दिसन?"

ताईंचं रडू थांबलं.

"आजपासून मले विचारायचं नाही. सांगायचं. जे दिसन ते मोठ्यानं बोला."

आणि ताई बोलू लागल्या. "डावीकडून ई-रिक्षा येऊन राह्यला... समोर गाय बसली... हा बाइकवाला बहुतेक वळन, मी हळू करून राह्यली." बोलायचं तर आधी बघावं लागतं ना! मान फिरायला लागली, आरसे कामाला लागले. एकदा पंडरीच्या त्याच वळणावर भैयांचा पाय माझ्यावर आला, पण दाबायच्या आतच गाडी थांबली होती. ताईंनी थांबवली होती, स्वतःच्या पायानं. माझं काम कुणीतरी माझ्या आधी केलं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

लायसन्स मिळाल्यावर ताई घरचीच गाडी चालवत पेढे घेऊन आल्या. आमची दारं उघडी होती, म्हणून मला नीट दिसलं. डावीकडं सुधाकर साहेब. त्यांच्या पायांखाली नुसता पायपोस.

"साहेब, भेव नाही वाटलं?" भैयांनी विचारलं.

साहेब हसले. "कायचं भेव? ही सारा रस्ता बोलून दाखवते. किती दिवसांनी आज रायपूर पाह्यलं भैया!"

"हव," एवढंच भैया म्हणाले.

ताईंनी पट्टा लावला, मान वळवली. "मागून सायकलवाला येऊन राह्यला. जाऊ द्या त्याले." मग गाडी सावकाश निघाली. साहेबांचे पाय पायपोसावर अगदी सैल पडले होते.

नीट शिकून चालवा रे बाबांनो. तुमच्याही शेजारी कुणीतरी असंच पाय सैल सोडून बसलेलं असतं, आणि त्याच्या पायाखाली मी नसतो.